टुरिस्ट व्हिसावर आलेल्या परदेशी माणसाशी इथे लग्न करायचंय? आधी तारखा बघा

समजा मुलगी नेरुळची आणि मुलगा जर्मनीचा, फिरायला आलाय आणि इथेच लग्न करायचं ठरलं, तर हॉल बुक करायच्या आधी त्याच्या व्हिसाची तारीख बघा, कारण लग्न झालं म्हणून व्हिसा आपोआप वाढत नाही.

हिंदू विवाह कायद्याला दोघंही हिंदू लागतात, त्यामुळे तो हिंदू नसेल तर देवळात हार घालून भागत नाही, १९५४ चा स्पेशल मॅरेज अ‍ॅक्टच लावावा लागतो. त्यात विवाह अधिकाऱ्याकडे दोघांच्या सहीची नोटीस, मग ३० दिवस थांबायचं, हरकत आली नाही तर ३ साक्षीदार घेऊन लग्न, तेही नोटीसपासून ३ महिन्यांत. आता ३० दिवसांचाच ई-टुरिस्ट व्हिसा असेल तर सांगा कसं जमणार? तो अजून यायचा असेल तर जास्त मुदतीचा घ्यायला लावा, आणि एका खेपेत किती दिवस राहता येतं तेही वाचा.

दोघांपैकी एकजण त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहिलेला लागतो. नवी मुंबईकरांचा घोळ इथेच होतो, वाशी-नेरुळ-बेलापूर ठाणे जिल्ह्यात, पण खारघर-कामोठे-पनवेल रायगडात, म्हणजे अर्ज कुठे करायचा तेही वेगळं.

कागदांत पासपोर्ट, व्हिसा, जन्मदाखला, मुलीचा पत्त्याचा आणि वयाचा पुरावा, आधी लग्न झालेलं असेल तर घटस्फोटाचा हुकूम. सगळ्यात जास्त वेळ खातो तो त्याच्या देशाकडून अविवाहित असल्याचा दाखला, मुलगा तिकडून निघायच्या आधीपासूनच मागे लागून मिळवा. आणि तो तुमच्या घरी उतरला असेल तर २४ तासांत परदेशी पाहुण्याची माहिती देणारा फॉर्म (ज्याला फॉर्म सी म्हणत आले) ऑनलाइन भरायचा असतो, हे बरेच जण विसरतात, प्लीज विसरू नका.

सर्टिफिकेट हातात आलं की व्हिसा चालू असतानाच ई-एफआरआरओ पोर्टलवर (परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाची वेबसाइट) एक्स-२ व्हिसासाठी, म्हणजे भारतीयाच्या जोडीदाराला मिळणाऱ्या व्हिसासाठी, अर्ज टाका, सोबत मॅरेज सर्टिफिकेट, दोघांचा एकत्र फोटो, राहण्याचा पुरावा. पोलिस चौकशी होते, घाबरायचं काही नाही. मुदत उलटून गेली तर दंड आणि एक्झिट परमिटचं (देश सोडायच्या परवानगीचं) लफडं मागे लागतं. नोकरीची परवानगी मात्र एक्स-२ वरही आपोआप मिळत नाही.

ओसीआय कार्डाला (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया, परदेशी नागरिकाला भारतात दीर्घकाळ राहू देणारं कार्ड) नोंदणी झालेलं लग्न सलग २ वर्षं टिकलेलं लागतं, आणि तो स्वतः किंवा त्याचे आईवडील, आजी-आजोबा, पणजी-पणजोबा कधी पाकिस्तान-बांगलादेशचे नागरिक असतील तर ते मिळत नाही. कार्ड मिळालं तरी मत देता येत नाही, आणि मुरबाडला शेतजमीन त्याच्या नावावर विकत घेता येत नाही.