गणेशपुरी ते साउथ फॉल्सबर्ग: सिद्धयोगाच्या परदेशवारीची पार्श्वभूमी

वज्रेश्वरी-अकलोलीच्या गरम कुंडांवर आंघोळ उरकायची आणि मग गणेशपुरीला नित्यानंदबाबांच्या समाधीवर डोकं टेकवायचं, हा मुंबई-ठाण्याकडच्या कित्येक कुटुंबांचा रविवारचा नेम आहे. त्याच रस्त्यावर, गावाच्या अलीकडे, गुरुदेव सिद्धपीठ हा मोठा आश्रम लागतो. समाधिमंदिरात कोणीही उठून जाऊ शकतो, तसं इथे जाता येत नाही. अमेरिकेत हजारो लोकांना गुरू देणाऱ्या आणि पुढे गंभीर आरोपांनी घेरल्या गेलेल्या सिद्धयोग चळवळीचं मूळ मात्र याच आश्रमात आहे.

नित्यानंद मूळचे केरळचे. १९३६ च्या सुमारास ते भीमेश्वराच्या देवळापाशी येऊन राहिले. अंगावर लंगोटी, बोलणं अगदी थोडं. प्रवचन नाही, शुल्क नाही, शिष्यांची नोंदवही नाही. आसपासच्या पाड्यांवरच्या मुलांना जेवू घालणं ही त्यांच्या भक्तांच्या मनात राहिलेली मोठी गोष्ट. ८ ऑगस्ट १९६१ ला ते गेले. आपल्यामागे गादी कोणाची, यावर सगळ्या भक्तांचं एकमत कधीच झालं नाही. सिद्धयोग चळवळ उभारणारे त्यांचे शिष्य मुक्तानंद यांची परंपरा मुक्तानंदांनाच वारस मानते, गणेशपुरीतल्या अनेक जुन्या भक्तांना ते मान्य नव्हतं.

मुक्तानंद १९०८ साली मंगळूरजवळ जन्मले. कोवळ्या वयात घर सोडलं, हुबळीला सिद्धारूढ स्वामींच्या मठात राहिले आणि मग वर्षानुवर्षं महाराष्ट्रात हिंडले. येवला आणि चाळीसगावचा परिसर त्यांच्या साधनेचा. नशिराबादचे झिप्रूअण्णा, वैजापूरचे हरिगिरीबाबा यांच्या पायाशी ते बसले. ज्ञानोबा-तुकोबा त्यांच्या तोंडी कायम असत. १५ ऑगस्ट १९४७ ला नित्यानंदांनी पादुका देऊन आपल्यावर शक्तिपात केला, म्हणजे आपल्यातली आध्यात्मिक शक्ती जागवली, असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. १९५६ मध्ये नित्यानंदांनी त्यांना गावाबाहेर छोटी जागा दिली. आश्रम वाढला तो तिथून.

इथवरची कहाणी आपल्याकडच्या शंभर मठांची असते. वळण आलं ते १९७० नंतर. अमेरिकेने १९६५ मध्ये स्थलांतराचा कायदा बदलला आणि आशियातून येणाऱ्यांना दार उघडलं. व्हिएतनाम युद्धाने आणि अमली पदार्थांनी पोळलेली तरुण पिढी नव्या आधाराच्या शोधात होती. रामदास हे नाव घेतलेले अमेरिकी अध्यात्मगुरू रिचर्ड अल्पर्ट आणि नित्यानंदांना मानणारे न्यूयॉर्कचे गुरू रुडी यांच्या मदतीने मुक्तानंदांचा पहिला दौरा झाला. १९७४ ते ७६ चा दुसरा दौरा पार वेगळा होता. त्याला वर्नर एरहार्ड यांच्यासारख्या, आत्मविकासाची शिबिरं भरवणाऱ्या माणसाचं पाठबळ होतं. सिडा फाउंडेशन ही चळवळीची संस्था उभी राहिली, ओकलंडला आश्रम झाला आणि न्यूयॉर्क राज्यातल्या साउथ फॉल्सबर्गमध्ये जुनी हॉटेलं घेऊन मोठं केंद्र उभारलं गेलं.

आणि याच काळात ‘इंटेन्सिव्ह’ सुरू झालं. शक्तिपात मिळवून देणारं शनिवार-रविवारचं शिबिर, शुल्क भरून नाव नोंदवायचं. अंधारलेल्या सभागृहात माणसं रांगांनी बसलेली, ‘ॐ नमः शिवाय’चा संथ घोष, आणि त्या रांगांमधून भगव्या कपड्यातले, डोक्यावर लोकरी टोपी घातलेले मुक्तानंद फिरत. मोरपिसांच्या गुच्छाने डोक्यावर सपकन मारत, कधी दोन भुवयांच्या मधली जागा चिमटीत धरत. कोणी ढसाढसा रडे, कोणाचं अंग थरथरे, कोणी तासभर निश्चल बसून राही. या लोकांना काहीच जाणवलं नाही असं मी म्हणणार नाही. त्यांतले कित्येक जण आजही त्या अनुभवाला आयुष्यातली सर्वांत खरी गोष्ट मानतात, आणि त्यांच्या शब्दावर अविश्वास दाखवायचं मला कारण दिसत नाही.

प्रश्न आहे तो त्या अनुभवाच्या जोरावर काय उभं राहिलं याचा. आपल्या परंपरेत शक्तिपात ही एका गुरूने एका शिष्याला, पारखून, द्यायची गोष्ट मानली जाई. इथे ती वेळापत्रकात बसवली गेली. मुक्तानंद इंग्रजी बोलत नसत. ते हिंदीत बोलत आणि दुभाषी भाषांतर करी, म्हणजे बहुतेक अमेरिकी भक्तांना गुरू भेटे तो संस्थेच्या माणसांमार्फतच. रोज सकाळी गुरुगीतेचं पठण, गुरू हाच परब्रह्म ही शिकवण. गणेशपुरीत मुक्तानंदांच्या अवतीभवती निदान गावकरी होते, दुसऱ्या मठांचे साधू होते, भांडणारे जुने भक्त होते. साउथ फॉल्सबर्गच्या आवारात गुरूला अडवू शकेल असं कोणीच नव्हतं. भोंदू गुरूंना खडसावणारी संतांची वाणी मुक्तानंदांबरोबर तिथे पोचली होती, पण ती स्वतःच्या गुरूला लावून पाहण्याची मुभा शिष्याला नव्हती.

१९८१ मध्ये त्यांचे एक अमेरिकी संन्यासी शिष्य, स्टॅन ट्राउट, उघड पत्र लिहून बाहेर पडले. १९८३ च्या हिवाळ्यात ‘कोइव्होल्यूशन क्वार्टरली’ या अमेरिकी नियतकालिकात विल्यम रोडारमोर यांचा लेख आला. ब्रह्मचर्याचा उपदेश करणाऱ्या वृद्ध गुरूने तरुण स्त्रियांशी, काही अल्पवयीन मुलींशीही, लैंगिक संबंध ठेवले, विरोध करणाऱ्यांना धमकावलं गेलं, परदेशी बँकांत पैसा ठेवला गेला, असे आरोप माजी शिष्यांनी त्यात केले होते. संस्थेने ते नाकारले. मुक्तानंद २ ऑक्टोबर १९८२ लाच गेले होते, त्यामुळे कोणत्याही न्यायालयात त्यांची उलटतपासणी झाली नाही.

मे १९८२ मध्ये त्यांनी दोन वारस नेमले होते. मालती शेट्टी, म्हणजे गुरुमाई चिद्विलासानंद, आणि त्यांचे विशीही न ओलांडलेले धाकटे भाऊ सुभाष, म्हणजे स्वामी नित्यानंद (गणेशपुरीचे नित्यानंदबाबा वेगळे). मालती मुक्तानंदांच्या दुभाषी होत्या. तीनच वर्षांत भाऊ पायउतार झाले. ब्रह्मचर्य मोडल्याचं कारण संस्थेने दिलं, तर आपल्यावर बळजबरी झाली असं त्यांनी पुढे सांगितलं. त्यानंतर संस्थेच्या प्रकाशनांतून त्यांचं नाव आणि छायाचित्रं गायब झाली. ज्यांच्या पायावर काल डोकं ठेवलं तेच आज इतिहासातून वगळले, आणि हे भक्तांनी निमूट स्वीकारावं अशी अपेक्षा होती. १९९४ मध्ये ‘न्यूयॉर्कर’ने हे सगळं पुन्हा सविस्तर मांडलं.

२००४ च्या सुमारास साउथ फॉल्सबर्गचं दार सर्वसाधारण पाहुण्यांसाठी बंद झालं. धर्मादाय काम, दंतचिकित्सेच्या मोहिमा, तंत्रग्रंथांच्या हस्तलिखितांचं जतन हे चळवळीतून निघालेले उपक्रम चांगले आहेत आणि ते चांगले म्हणायलाच हवेत. पण त्या काळी ज्या मुली अल्पवयीन होत्या असं सांगितलं गेलं, त्या आज साठीच्या आसपास असतील. त्यांचं म्हणणं बाहेरच्या कोणाकडून तपासून घेऊन संस्थेने अहवाल जाहीर केल्याचं आजवर दिसलेलं नाही. त्यांतल्या काही अजून बोलू शकतात तोवरच ते व्हायला हवं.