मुंबई महापालिका मुख्यालय आणि आसपासचा फोर्ट परिसर

सीएसएमटी स्टेशनच्या चौकात, दादाभाई नौरोजी रोड आणि महापालिका मार्ग जिथे फुटतात त्या बेचक्यात मुंबई महापालिकेचं मुख्यालय उभं आहे. फोटो लोक जास्त स्टेशनचे काढतात, पण दोन्ही इमारती एकाच माणसाच्या, इंग्रज वास्तुविशारद फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सच्या. आधी त्याने स्टेशन केलं, मग हे.

पालिकेचं ऑफिस सुरुवातीला गिरगावात होतं. या जागेची कोनशिला ९ डिसेंबर १८८४ ला व्हाइसरॉय लॉर्ड रिपनने बसवली, तोच रिपन ज्याच्या १८८२ च्या ठरावाने आपल्याकडे स्थानिक स्वराज्याचा पाया घातला, म्हणजे पाहुणा अगदी बरोबर निवडला होता. पण दगड बसला आणि काम काही हलेना, डिझाइनवरच घोळ. रॉबर्ट चिझमने इंडो-सारासेनिक ढंगाचा, म्हणजे भारतीय-इस्लामी आणि युरोपीय वळणं मिसळलेला आराखडा दिलेला, शेवटी गेलं ते स्टीव्हन्सच्या गॉथिककडे, म्हणजे टोकदार कमानींच्या युरोपीय शैलीकडे, त्यातही घुमट मात्र आपल्याकडच्या वळणाचे आहेतच. १८८९ च्या एप्रिलमध्ये काम सुरू झालं आणि ३१ जुलै १८९३ ला संपलं. मंजूर खर्च ११,८८,०८२ रुपये, प्रत्यक्षात लागले ११,१९,९६९, म्हणजे ६८ हजारांवर रक्कम उरली! सरकारी बांधकामात पैसे उरले हे आज कोणाला सांगितलं तर आधी हसेल.

प्लॉट त्रिकोणी असल्यामुळे स्टीव्हन्सने इमारतीचं तोंड टोकाला, थेट चौकाकडे काढलं आणि उंच मनोरा तिथेच चढवला, त्यामुळे फोर्टकडून येताना तोच आधी दिसतो. वर दर्शनी भागात पंख असलेली स्त्रीमूर्ती आहे, हे शहर हिंदुस्थानात पहिलं अशा अर्थाची, म्हणजे शहराची ऐट तेव्हापासूनचीच. खाली समोर फिरोजशहा मेहतांचा पुतळा, १९२३ चा. पालिकेचा १८८८ चा कायदा घडवण्यात त्यांचा मोठा हात होता, आणि कितीतरी दुरुस्त्या खाऊन का होईना, पालिका आजही त्याच कायद्यावर चालते.

आता हा परिसर असा का दिसतो, तर १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रियरच्या काळात मुंबईच्या जुन्या किल्ल्याची (फोर्ट हे नाव त्यावरूनच) तटबंदी पाडली. चर्चगेट, अपोलो गेट, बझार गेट हे तीन दरवाजे गेले आणि तटाबाहेरच्या मोकळ्या मैदानाच्या कडेने सरकारी इमारती उठायला लागल्या. बझार गेट इकडेच, आजच्या स्टेशनच्या बाजूला होता, आणि बोरीबंदरहून, म्हणजे इथल्याच जुन्या स्टेशनवरून, तर १६ एप्रिल १८५३ ला ठाण्याची पहिली गाडी आधीच सुटलेली, त्यामुळे माणसांची वर्दळ इथे होतीच, ऑफिसं नंतर आली.

महापालिका मार्गावर कामा हॉस्पिटल, किल्ला कोर्ट, झेवियर्स कॉलेज एका ओळीत लागतात. दादाभाई नौरोजी रोडवर अंजुमन-इ-इस्लामची शाळा, जेजे स्कूल ऑफ आर्ट, आणि टोकाला १८६९ चं क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे महात्मा फुले मंडई, ज्याला पालिकेचा पहिला कमिशनर आर्थर क्रॉफर्ड याचं नाव दिलं होतं. याच रोडच्या फ्लोरा फाउंटनकडच्या भागात इमारतींखाली सलग कमानी आहेत, १८९६ च्या नियमाने प्रत्येक मालकाला खाली छत असलेली वाट सोडावीच लागली. माझ्या मते या भागातला सगळ्यात कामाचा नियम हाच, पावसात छत्री बंद करून चालता येतं, फक्त फेरीवाल्यांमधून वाट काढता आली पाहिजे. स्टेशनच्या दुसऱ्या बाजूला जीपीओ, म्हणजे मुख्य टपाल कार्यालय, १९१३ चं, त्याचा घुमट विजापूरच्या गोलघुमटावरून घेतलेला.

पालिकेच्या समोर थोडं पुढे आझाद मैदान. राज्यभरातून आलेले मोर्चे इथेच अडवतात, उपोषणाचे मंडप एका कोपऱ्यात आणि बाकी मैदानात पोरांच्या क्रिकेटच्या मॅचेस एकमेकींत घुसलेल्या, कोणाचा फील्डर कोणाचा ते खेळणाऱ्यांनाच माहीत. पालिकेत फाइल घेऊन आलेला माणूस दुपारी खाली उतरतो, पावभाजी किंवा वडापाव खातो आणि परत वर जातो.

स्टेशनला २००४ मध्ये युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा मिळाला, मुख्यालयाला तो नाही, आणि एका अर्थी बरंच आहे, कारण इथे रोजचं कामकाज चालूच असतं. जानेवारी २०२१ पासून वीकेंडला गाइडसोबत हेरिटेज वॉक सुरू झाला, त्यात आतला मोठा जिना, घुमटाचं छत आणि सभागृह दाखवतात. जायचं असेल तर बुकिंग आधी करावं लागतं.