जखमेवर अर्धा टक्का, पाठीवर वीस टक्के

पावसाळ्यात खाजन (खाडीकाठच्या सखल) शेतात अनवाणी वावरताना पाय कापतो आणि फार्मसीतून आणलेलं प्रतिजैविक मलम लावलं जातं. जखम सुकायची सोडून भोवतीची कातडी लाल होते, खाजते, पाझरते. जंतू वाढले असं समजून तेच मलम आणखी थापलं जातं. अशा वेळी मलमातल्या निओमायसिन या प्रतिजैविकाची अ‍ॅलर्जी आहे का, हे पाहायलाच हवं. ट्यूब बदलून फ्रामायसेटिन लावल्यानेही सुटका नाही, कारण ते निओमायसिनचाच एक घटक आहे.

निदान होतं पॅच टेस्टने, म्हणजे संशयित औषध पट्टीने पाठीवर चिकटवून कातडी काय करते ते पाहून. बाजारातल्या मलमात निओमायसिन साधारण ०.५ टक्का असतं, तर चाचणीच्या व्हॅसलीनमध्ये २० टक्के, म्हणजे चाळीस पट. इतकं कशाला? फाटलेल्या कातडीतून औषध सहज आत शिरतं. पाठीच्या धडधाकट कातडीतून फारच थोडं. म्हणून नुसतं मलम पाठीवर चिकटवून काही उठलं नाही, तर त्यावरून अ‍ॅलर्जी नाही असं ठरवता येत नाही.

पद्धतीनुसार मात्राही बदलते. ८ मिलिमीटरच्या अ‍ॅल्युमिनियमच्या वाटीत सुमारे २० मिलिग्रॅम व्हॅसलीन भरतात, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला जवळपास ८ मिलिग्रॅम निओमायसिन. तयार पट्टीवर, जिथे औषध जेलच्या पातळ थरात असतं, तिथे तेवढ्याच जागेत फक्त ०.६ मिलिग्रॅम. तरीही ती कुचकामी नाही. व्हॅसलीनमध्ये निओमायसिन विरघळत नाही, त्याचे कण तरंगत राहतात. जेल मात्र कातडीच्या ओलाव्याने भिजून औषध सोडतं. त्यामुळे फक्त टक्केवारी बघून दोन पद्धतींची तुलना करू नये. शिवाय वाटी हाताने भरताना कमीजास्त होतं, तयार पट्टीत मात्रा ठरलेली असते. मात्रा वाढवत नेणं हाही उपाय नाही: नुसती जळजळ अ‍ॅलर्जीसारखी दिसू लागते.

पट्ट्या ४८ तासांनी काढतात, पुन्हा तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाहतात. निओमायसिनची प्रतिक्रिया मात्र बऱ्याचदा उशिरा उठते, म्हणून सातव्या दिवशीचं वाचन मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. नेमकं तेच टाळलं जातं, कारण कामधंदा सोडून पुन्हा दवाखान्यात कोण जाणार! आपल्याकडच्या दमट हवेत घामाने पट्टी सुटते, तेव्हा मे महिन्यापेक्षा डिसेंबर-जानेवारी बरा. पट्टी असेपर्यंत पाठ भिजवायची नाही, आणि डॉक्टरांकडे जाताना मलमांसोबत डोळ्या-कानात घालायच्या थेंबांच्या बाटल्याही न्यायच्या, कारण निओमायसिन त्यांतही असू शकतं.