क्रॉफिशच्या हंड्यात मसाला मुरतो तो केव्हा?

अमेरिकेतील लुइझियाना राज्यात वसंत ऋतूत घरोघरी, अंगणात मोठाले हंडे चढवून क्रॉफिश उकडले जातात. उकळत्या हंड्यातून वर येणारी जाळीदार टोपली आणि वर्तमानपत्रे अंथरलेल्या लांब टेबलावर ओतलेला लालभडक ढीग आता मोबाइलच्या पडद्यावर आपल्याकडेही सर्रास दिसू लागला आहे. ही दृश्ये पाहणाऱ्यांचे दोन समज हटकून होतात. पहिला असा की, तो लाल रंग तिखटाचा आहे, आणि दुसरा असा की, क्रॉफिश जितका वेळ रटरटतील तितका मसाला त्यांच्या आत शिरेल. दोन्ही समज चुकीचे आहेत. पहिला चटकन निकालात काढता येतो. दुसऱ्यात मात्र इतके सुंदर भौतिकशास्त्र दडलेले आहे की, हा लेख मुख्यत्वे त्यासाठीच लिहीत आहे.

क्रॉफिश हा गोड्या पाण्यातील, नांग्या असलेला, साधारण बोटभर लांबीचा कवचधारी प्राणी आहे. भारतीय उपखंडाच्या नद्या-तळ्यांमध्ये हा गट मुळात आढळत नाही, त्यामुळे आपल्या कोळंबी-चिंबोरीच्या परंपरेत त्याला जागा मिळालेली नाही. लुइझियानात हंड्यात जाते ती मुख्य जाती म्हणजे प्रोकॅम्बारस क्लार्की. अचाफलाया नदीच्या दलदलीत ती सापळे लावून पकडतात, आणि त्याहून मोठ्या प्रमाणावर भातखाचरांत वाढवतात. भाताची कापणी झाली की खाचरात पुन्हा पाणी सोडले जाते आणि कुजणाऱ्या धसकटांवर उभ्या राहणाऱ्या अन्नसाखळीवर क्रॉफिश पोसले जातात. या राज्यातील ब्रो ब्रिज या गावाला १९५९ साली तेथील विधिमंडळाने ‘जगाची क्रॉफिश राजधानी’ असा किताब दिला, यावरून या खाद्याचे तिथले स्थान लक्षात यावे.

रंगाचे कारण प्राण्याच्या स्वतःच्या कवचातच आहे. अ‍ॅस्टॅक्झँथिन हे मूळचे लाल-नारिंगी रंगद्रव्य जिवंतपणी क्रस्टासायनिनसारख्या प्रथिनांना घट्ट बांधलेले असते, आणि या बंधनामुळे त्याचे प्रकाशशोषण बदलून कवच काळपट, निळसर किंवा गडद तपकिरी छटेचे दिसते. उष्णतेने प्रथिनाची घडी मोडते, रंगद्रव्य मोकळे होते आणि मूळचा लाल रंग उघडा पडतो. साध्या पाण्यात उकडलेला क्रॉफिशही तितकाच लाल होतो. म्हणून रंगावरून तिखटपणाचा अंदाज बांधणे निरर्थक आहे.

आता हंड्याकडे वळू. लुइझियानात क्रॉफिश पोत्याने विकत घेतात आणि एका पोत्यात साधारण ३० ते ३५ पौंड, म्हणजे १४ ते १६ किलो जिवंत माल असतो. त्यासाठी ८० क्वार्टचा, म्हणजे सुमारे ७६ लिटरचा अ‍ॅल्युमिनियमचा हंडा वापरतात. त्याच्या आत तंतोतंत बसणारी भोकाभोकांची टोपली असते आणि खाली प्रोपेन वायूवर चालणारी, कानठळ्या बसतील अशी घोंघावणारी शेगडी असते. अ‍ॅल्युमिनियम उष्णता उत्तम वाहते म्हणून ते निवडतात असे पुष्कळदा सांगितले जाते. माझ्या मते खरे कारण वजन आणि किंमत हे आहे, कारण पातळ भिंतीच्या भांड्यात खरी अडचण ज्वाळेतील वायूकडून धातूकडे उष्णता जाण्यात असते, धातूतून पलीकडे जाण्यात नसते.

शेगडी एवढी दांडगी का लागते, ते एका हिशेबाने कळेल. हंड्यात ३५ लिटर पाणी खळखळत आहे आणि त्यात १० अंश सेल्सिअस तापमानाचे १५ किलो क्रॉफिश सोडले, असे समजू. क्रॉफिशची विशिष्ट उष्णता पाण्यापेक्षा थोडी कमी, किलोमागे अंशाला साधारण ३.५ किलोज्यूल धरली, तर मिश्रणाचे तापमान एकदम ७६ अंशांच्या आसपास घसरते. तेथून पुन्हा उकळी आणायला सुमारे ४.७ मेगाज्यूल उष्णता लागते. आपल्या घरच्या गॅसची मोठी शेगडी भांड्याला प्रत्यक्षात दीड किलोवॉटच्या आसपास उष्णता पोहोचवते, म्हणजे तिच्यावर हे काम व्हायला पाऊण तासाहून अधिक वेळ जाईल. ताशी ६०,००० बीटीयूची प्रोपेन शेगडी १७ किलोवॉटहून अधिक उष्णता निर्माण करते, आणि त्यातील निम्म्याहून अधिक भाग वाऱ्यावर गेला असे धरले तरी उरलेल्या ८ किलोवॉटमध्ये दहा मिनिटांत आधण येते. हा फरक केवळ सोयीचा नाही. क्रॉफिशच्या डोक्याकडील भागात असलेल्या पिवळ्या ग्रंथीत प्रथिने पचवणारी विकरे असतात आणि मधल्या तापमानात फार वेळ गेला तर ती शेपटीचे मांस पिठूळ करून टाकतात. विकरे निकामी होण्यासाठी तापमान भराभर वर चढावेच लागते. एवढी ज्वाळा बंद जागेत पेटवणे मात्र जिवावर बेतू शकते, कारण कार्बन मोनॉक्साइड साचतो. हे काम उघड्यावरच करायचे.

मीठ घातल्याने पाणी ‘जास्त गरम’ उकळते आणि म्हणून पदार्थ लवकर शिजतो, ही समजूतही याच हंड्याभोवती ऐकू येते. ३० लिटर पाण्यात किलोभर मीठ टाकले तर उत्कलनबिंदू जेमतेम ०.६ अंशाने वाढतो. मीठ चवीसाठी घालायचे, तापमानासाठी नाही.

मसाल्याची यादी मराठी वाचकाला परकी वाटणार नाही. न्यू ऑर्लीन्समध्ये १८८९ साली सुरू झालेल्या झॅटरेन्स या कंपनीच्या पुरचुंडीत मोहरी, धने, बाळंतशोपा, ऑलस्पाइस, लाल मिरची आणि आपल्या तमालपत्राच्याच कुळातील लॉरेलची पाने असतात. त्यांच्या जोडीला भरपूर केयेन मिरचीची पूड, मीठ, लिंबे, कांदे आणि अख्खे लसणाचे गड्डे घालतात. बटाटे, मक्याची कणसे आणि सॉसेजही त्याच पाण्यात शिजतात.

अनुभवी माणूस हे सारे घालून क्रॉफिश सोडतो, पुन्हा उकळी आली की दोन ते पाच मिनिटे थांबतो आणि शेगडी बंद करतो. त्यानंतर वीस-तीस मिनिटे तो काहीच शिजवत नाही. क्रॉफिश तसेच त्या पाण्यात मुरू देतो, वर गोठवलेली कणसे किंवा बर्फ टाकतो, कित्येकदा हंड्यावर बाहेरून पाण्याची नळी धरतो. सुरुवातीला तरंगणारे क्रॉफिश हळूहळू बुडू लागतात आणि जाणकार सांगतात, ‘बुडाले म्हणजे मुरले.’ हे वाक्य ऐकीव वाटते, पण ते अक्षरशः खरे आहे, आणि का खरे आहे ते सावकाश पाहण्यासारखे आहे.

क्रॉफिशच्या पाठीवरील कवचाखाली, दोन्ही बाजूंना कल्ल्यांच्या पोकळ्या असतात. त्या खालच्या कडेला उघड्या असतात. पोत्यातून, म्हणजे हवेतून आलेल्या प्राण्याच्या या पोकळ्यांत हवा असते. पाण्यात पडल्यावर ती तापते, फुगते, तिच्यात पाण्याची वाफ मिसळते आणि तिचा बराचसा भाग बुडबुड्यांनी निघून जातो. तापमान ९७-९८ अंशांना पोहोचते तेव्हा उरलेल्या वायूत बहुतांश वाफच असते. समजा, त्या बुडबुड्यात नव्वद टक्के वाफ आणि दहा टक्के हवा आहे. त्याचा एकूण दाब बाहेरच्या वातावरणाइतका, म्हणजे सुमारे १०१ किलोपास्कल आहे, आणि त्यातील ९१ किलोपास्कल वाफेचे व १० हवेचे आहेत. क्रॉफिशचे मांस आणि कवच दोन्ही पाण्यापेक्षा जड असतात, तेव्हा त्याला तरंगत ठेवतो तो हा बुडबुडाच.

आता शेगडी बंद झाली आणि तापमान ७० अंशांवर उतरले. पाण्याच्या संपृक्त बाष्पाचा दाब, म्हणजे त्या तापमानाला वाफ जास्तीत जास्त जेवढा दाब देऊ शकते तो, तापमानाबरोबर फार झपाट्याने बदलतो. १०० अंशांना तो १०१ किलोपास्कल असतो, ८० अंशांना ४७, ७० अंशांना अवघा ३१. बाहेरचा वातावरणाचा दाब तर तितकाच आहे. त्यामुळे बुडबुड्यातील जादा वाफ द्रवरूप होते आणि उरलेला ७० किलोपास्कलचा भार आता हवेला उचलावा लागतो. हवा आधी १० किलोपास्कलवर होती, ती ७० पर्यंत दाबली गेली पाहिजे, म्हणून बुडबुड्याचे आकारमान एक-सप्तमांशाहूनही थोडे कमी होते. मोकळी झालेली जागा रिकामी राहू शकत नाही. वातावरणाचा दाब बाहेरचे मसालेदार पाणी त्या पोकळीत, सांध्यांच्या फटींत आणि कवच व मांस यांच्यामधील जागेत ढकलून देतो. बुडबुडा गेला, त्याची जागा पाण्याने घेतली, म्हणजे क्रॉफिश बुडणारच. बुडणे आणि भरणे या एकाच घटनेच्या दोन बाजू आहेत.

उकळत ठेवल्याने हे का साधत नाही, तेही यातून उघड होते. पाणी उकळते आहे तोवर पोकळीतील वाफेचा दाब बाहेरच्या दाबाइतकाच राहतो, आणि द्रव आत खेचायला काही कारणच उरत नाही. एक तास उकळा, पोकळी वाफेनेच भरलेली राहील. मांस मात्र तोवर रबरासारखे होईल, कारण स्नायूंतील प्रथिने आकसत जातात आणि स्वतःतील रस बाहेर पिळून टाकतात. लिंबातील लिमोनीनसारखी सुगंधी तेलेही वाफेबरोबर उडून जातात. म्हणून लिंबू आणि शक्य असल्यास मसाल्याचा काही भाग शेगडी बंद केल्यावर घालणे मला अधिक शास्त्रशुद्ध वाटते.

पोकळीत पाणी भरले, पण मांसाच्या आत काय होते? तेथे विसरणाचा, म्हणजे विरघळलेला पदार्थ दाट जागेकडून विरळ जागेकडे आपोआप पसरण्याचा नियम चालतो, आणि विसरण फार संथ असते. गरम मांसात मिठाचा विसरणांक, म्हणजे या पसरण्याच्या वेगाचे माप, सेकंदाला २ × १०⁻⁹ चौरस मीटरच्या आसपास धरला, तर वीस मिनिटांत मीठ साधारण २ मिलिमीटर आत जाते. अंतर काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, म्हणून पाच मिनिटांत १ मिलिमीटर आणि ४ मिलिमीटरसाठी तब्बल ऐंशी मिनिटे. शेपटीचे मांस जेमतेम सेंटिमीटरभर जाड असते, तेव्हा सर्व बाजूंनी २ मिलिमीटर म्हणजे बरेच झाले. मात्र हे विसरण सुरू होण्यासाठी मसाल्याचे पाणी कवचाच्या आत मांसाला भिडलेले असावे लागते. कायटिन आणि कॅल्शियम कार्बोनेटचे कवच त्याला सहजी आत येऊ देत नाही. निवण्याच्या क्रियेचे महत्त्व येथे आहे, कारण ती मसाल्याला दारापाशी न थांबवता घरात आणून सोडते.

तिखटपणाची गोष्ट मिठापेक्षा निराळी आहे. मिरचीतील कॅप्सायसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात चांगले विरघळते. आपण मिरची तेलाच्या फोडणीत टाकतो ते याच गुणाचा फायदा घेत. हंड्यात मात्र पाणीच पाणी असते. त्यामुळे कॅप्सायसिन पृष्ठभागावर तरंगणाऱ्या तेलकट थरात आणि क्रॉफिशच्या डोक्याकडील पिवळ्या ग्रंथीत साठते. ही ग्रंथी स्निग्ध असते, तिथले लोक तिला ‘चरबी’च म्हणतात, आणि डोके चोखून खाणाऱ्यांना सर्वांत जास्त झणझणीतपणा तिथेच मिळतो. १९७५ नंतर अमेरिकेत आलेल्या व्हिएतनामी निर्वासितांच्या समाजाने ह्यूस्टनमध्ये उकडलेल्या क्रॉफिशवर लसूण घातलेले वितळलेले लोणी ओतण्याची पद्धत रुजवली. रसायनशास्त्राच्या दृष्टीने ती फार समर्पक आहे, कारण लोण्यात कॅप्सायसिनला हवा तो द्रावक मिळतो. वरून कोरडा मसाला भुरभुरवला तर तो कवचावर आणि खाणाऱ्याच्या बोटांवर राहतो, मांसापर्यंत पोहोचत नाही.

येथे एका रूढीबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. जिवंत क्रॉफिशवर मीठ ओतून ‘पोट साफ’ करण्याचा विधी अजून अनेक ठिकाणी भक्तिभावाने पाळला जातो. लुइझियाना राज्य विद्यापीठाच्या कृषी केंद्राने ही समजूत निराधार ठरवली आहे. काही मिनिटांत आतडे रिकामे होत नाही, गोड्या पाण्यातील प्राण्याला निष्कारण यातना होतात, आणि साध्या पाण्याने चिखल धुतला जातो त्याहून अधिक काही साधत नाही. आतडे खरोखर रिकामे हवे असेल तर त्यांना अन्नाविना स्वच्छ पाण्यात दिवसभर ठेवावे लागते. तसेच शिजल्यावर शेपटी सरळ राहिलेला प्रत्येक क्रॉफिश आधीच मेलेला होता, हेही खरे नाही. खच्चून भरलेल्या टोपलीत शेपटीला वळायला जागाच मिळत नाही. मेलेले वेचायचे ते शिजवण्याआधी.

एकामागून एक पोती उकडायची असतील तर मुरवण्याची किंमत इंधनात मोजावी लागते. पहिले पोते मुरेपर्यंत पाणी ७० अंशांवर आले, तर उरलेले ३० लिटर पुन्हा उकळायला आणखी ३.८ मेगाज्यूल, म्हणजे त्याच शेगडीवर आठ मिनिटे लागतात. शिवाय प्रत्येक खेप आपल्या पोकळ्यांतून मीठ-मसाल्याचे पाणी घेऊन जाते, म्हणून दर खेपेला मसाला आणि पाणी दोन्ही वाढवावे लागते. व्यावसायिक पातळीवर यावर तोडगा म्हणून मुरवण्यासाठी वेगळी टाकी ठेवतात. एका हंड्यात अखंड उकळी चालू राहते आणि दाट मसाल्याचे, कमी तापमानाचे पाणी दुसरीकडे असते. वरचा सिद्धान्त खरा असेल तर या पद्धतीत एक दक्षता घ्यावी लागेल. टोपली उकळत्या हंड्यातून काढल्यावर हवेत निथळत ठेवू नये, कारण वाफ आटताना पोकळीत पाण्याऐवजी हवा शिरेल, आणि मग तोच क्रॉफिश दुसऱ्या टाकीत कितीही वेळ ठेवला तरी तरंगतच राहील.