पिसाऱ्याआडचे दोन सेकंद

बंदुकीने टर्की मारायची असेल तर बंदूक गुडघ्यावर टेकवून आधीच रोखून बसता येतं. पक्षी टप्प्यात आला की एक बोट हलवायचं, बस्स. धनुष्याचं तसं नाही. पक्षी पंधरा मीटरवर उभा असताना हात उचलायचा आणि दोरी जवळजवळ अर्धा मीटर मागे खेचायची. ही हालचाल ज्याच्यासमोर करायची तो पक्षी रानातल्या सर्वांत तीक्ष्ण नजरेच्या प्राण्यांपैकी एक. अमेरिकेत वसंतात धनुष्याने रानटर्कीची शिकार करणाऱ्यांची सगळी तयारी, म्हणजे लपण (आत दडून बसायचा छोटा तंबू) कुठे लावायचं, नकली पक्षी कसे मांडायचे, कुठली साद केव्हा द्यायची, या एका खेचण्याभोवती फिरते. नेम त्यानंतरचा.

आधी त्या नजरेचं पाहू. टर्कीचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, त्यामुळे मान न हलवता तिला सुमारे २७० अंशांचा परिसर दिसतो. मान जराशी वळवली की उरलेलाही. तिला रंग चांगले कळतात आणि आपल्याला न दिसणाऱ्या अतिनील प्रकाशाचा काही भागही जाणवतो. ज्या धुण्याच्या पावडरीने आपला पांढरा सदरा उन्हात जास्तच पांढरा दिसतो, तिच्यातली रसायनं अतिनील किरण शोषून निळसर प्रकाश टाकतात. तेव्हा शिकारीचे कपडे अशा पावडरीत धुणं म्हणजे पैसे मोजून घेतलेल्या पानापानांच्या नक्षीवर पाणी ओतणं. या नजरेला उणी बाजूही आहे. दोन्ही डोळ्यांनी एकदम दिसणारा पट्टा अरुंद असल्यामुळे अंतराचा अंदाज कच्चा, म्हणून तर ती चालताना मान सारखी पुढेमागे करते. अंधारात फारसं दिसत नाही, म्हणून संध्याकाळी उंच झाडावर रातथाऱ्याला जाते. वासाची जाण बेताचीच. हरणाच्या शिकारीला निघालेला माणूस आधी वारा कुठून वाहतो ते पाहतो. टर्कीच्या शिकाऱ्याला ती काळजी नाही.

वसंतच का, याचं उत्तर दिवसाच्या लांबीत आहे. दिवस मोठा होऊ लागला की नराच्या शरीरातली संप्रेरकं वाढतात आणि पहाटे झाडावरूनच तो गॉबल करू लागतो. हा गडगडता आवाज शांत हवेत दीड किलोमीटरवरही ऐकू जातो. दक्षिण फ्लोरिडात हंगाम मार्चच्या सुरुवातीला उघडतो, उत्तरेकडच्या राज्यांत एप्रिल-मे उजाडतो. निसर्गाचा रिवाज असा की नर आवाज देतो आणि मादी त्याच्याकडे जाते. शिकारी मादीचा आवाज काढून नराला आपल्याकडे बोलावतो, म्हणजे रिवाजाच्या उलट मागणी करतो. म्हणून अनुभवी नर साठ-सत्तर मीटरवर थांबतो, पिसारा फुलवतो आणि ‘तूच ये’ म्हणून उभा राहतो. बंदूकवालाही इथे हात चोळत बसतो, धनुष्यवाल्याने काय करावं!

यावर एक उपाय घड्याळात आहे. पहाटे खाली उतरल्यावर नराभोवती खऱ्या माद्या असतात आणि त्या सोडून तो कुठल्याच नकली सादेकडे बघत नाही. पण मादी साधारण रोज एक याप्रमाणे दहा-बारा अंडी घालते आणि त्यासाठी सकाळीच घरट्याकडे निघून जाते. अंडी पूर्ण होत आली की ती २८ दिवस उबवायला बसते. त्यामुळे नऊ ते बाराच्या दरम्यान नर एकटे पडतात आणि सादेला धावून येतात. पहाटे चारला उठून आठ वाजता कंटाळून घरी परतणारे नेमके याच वेळी घरी असतात. काही राज्यांत मात्र दुपारी बारा-एकलाच शिकार थांबवावी लागते, तेव्हा आधी त्या राज्याचे नियम वाचलेले बरे.

साद देण्याची साधनं बरीच आहेत, पण मराठी माणसाला त्यातलं एक बघताक्षणी ओळखीचं वाटेल: पाटी. हातात मावणाऱ्या गोल डबीवर पाटीच्या दगडाची चकती बसवलेली असते आणि लाकडी काडीने तिच्यावर घासायचं. शाळेत पाटीवर पेन्सिल करकरली की अंगावर काटा यायचा, तेच तत्त्व. काडीचं टोक क्षणभर दगडाला अडकतं, सुटतं, पुन्हा अडकतं. हे सेकंदाला शेकडो वेळा होतं आणि चकती थरथरते. व्हायोलिनचा गजही तारेवर हेच करतो. काडी पेनसारखी धरायची, पण टोकाजवळ नाही, जरा वरून. टोक न उचलता बोराएवढे छोटे लंबगोल काढायचे. कडेजवळ सूर चढा लागतो, मध्याकडे सरकलं की उतरतो. मादीच्या ‘येल्प’ सादेचे चढा आणि उतरता असे दोन तुकडे त्यातून मिळतात. चकतीला बोट लावायचं नाही. त्वचेचं तेल लागलं की काडी अडकायचीच थांबते आणि सुरांऐवजी नुसती घसर ऐकू येते. मग बारीक पॉलिश पेपरने चकती पुन्हा खरखरीत करावी लागते. पावसात पाटी निकामी, खडू लावून वाजवायची लाकडी पेटीही निकामी. तेव्हा टाळूला चिकटवून वाजवायची रबरी पडद्याची शिट्टीच कामाची. धनुष्यवाल्याला ती एरवीही हवीच, कारण शेवटच्या क्षणी त्याचे दोन्ही हात अडकलेले असतात. आणि जास्त वाजवू नये. नर आवाजाची जागा अचूक पकडतो. तो येताना दिसला की गप्प बसावं.

आता लपण. कापडी, छत्रीसारखं उघडणारं, साधारण दीड-पावणेदोन मीटर औरसचौरस. टर्कीची एक गंमत अशी की काल मोकळ्या असलेल्या माळावर आज अचानक तंबू दिसला तरी ती त्याला बिचकत नाही; हरीण बिचकतं. लपणाला आतून काळा रंग असतो, म्हणून आत बसणाऱ्याने वरचे कपडे, हातमोजे, तोंडावरची जाळी सगळं काळंच घालायचं. मागच्या खिडक्या पूर्ण बंद. एक जरी उघडी राहिली तरी उजेडावर माणसाची आकृती उमटते, आणि सगळा आटापिटा वाया.

लपणात नवख्यांची सर्वांत जास्त फसगत होते ती खिडकीच्या खालच्या कडेवर. डोळ्याची रेषा आणि बाणाची रेषा एक नसते. बाण डोळ्याच्या सुमारे दहा सेंटिमीटर खालून निघतो. धनुष्यावरच्या नेमाच्या खुणेतून टर्की स्वच्छ दिसते आणि बाण कापडाला भोक पाडतो. पात्यांचं टोक उघडमीट होणारं असेल तर खिडकीच्या जाळीला लागताच ते तिथेच उघडतं आणि बाण भरकटतो. जाळीतून सोडायचा तर घट्ट पात्यांचंच टोक लागतं. हे सगळं घरच्या अंगणात, त्याच स्टुलावर बसून, त्याच खिडकीतून बाण सोडून पाहावं. धनुष्याचं खालचं टोक मांडीला अडतं का, तेही तेव्हाच कळतं.

याच दहा सेंटिमीटरमुळे फार जवळचा पक्षीही हुकतो, हे बऱ्याच जणांच्या गळी उतरत नाही. अठरा मीटरवर जुळवलेली खूण वापरून तीन मीटरवरच्या पक्ष्यावर बाण सोडला तर तो सुमारे पाच सेंटिमीटर खाली लागतो, कारण बाण अजून डोळ्याच्या रेषेपर्यंत वर आलेलाच नसतो. टर्कीचं हृदय आणि फुप्फुसं मिळून जेमतेम मोसंब्याएवढी जागा. तिथे पाच सेंटिमीटर म्हणजे सगळंच गेलं. म्हणून अगदी जवळच्या पक्ष्यासाठी उलट लांबच्या अंतराची खूण वापरतात. कुठली, ते सरावात ठरवून ठेवायचं.

धनुष्य बहुतेक जण कंपाउंड वापरतात. त्याच्या दोन्ही टोकांना लंबवर्तुळासारख्या विषम चकत्या असतात. दोरी खेचताना सुरुवातीला पूर्ण जोर लागतो, पण चकत्या फिरून एका बिंदूपुढे गेल्या की तरफ शिकाऱ्याच्या बाजूने वळते. पन्नास पौंडांचं, म्हणजे साधारण साडेबावीस किलो ओढीचं धनुष्य ८० टक्के सूट देणारं असेल तर पूर्ण ताणल्यावर हातावर साडेचार किलोच उरतात. तेवढं ओझं नर वळेपर्यंत पेलता येतं. साध्या धनुष्याला ही सूट नाही. पूर्ण भार तोलत दोन-तीन सेकंदांत बाण सोडावाच लागतो. टर्कीसाठी पन्नास पौंड पुष्कळ झाले. बसल्या बसल्या, आभाळाकडे न उचलता, सरळ मागे खेचता येणार नाही असं भारी धनुष्य आणून उपयोग काय? सेकंदाला ८० मीटर वेगाचा बाण पंधरा मीटर जायला सुमारे ०.१९ सेकंद घेतो, दोरीचा आवाज मात्र ०.०४ सेकंदात पोचतो. पक्षी दचकायला मधला वेळ पुरतो. म्हणून वीस यार्ड, म्हणजे अठरा मीटर, ही मर्यादा शहाण्यांनी स्वतःला घालून घेतलेली असते. बंदुकीला चाळीस यार्ड चालतात, धनुष्याला नाही.

आणि आता दोरी खेचायचे ते दोन सेकंद. मादीचा नकली पक्षी, म्हणजे डिकॉय, एक आणि जेकचा, म्हणजे वर्षाच्या तरुण नराचा, एक. दोन्ही लपणापासून पाच-सात मीटरवर. लांब ठेवले आणि नर त्यांच्या पलीकडे दहा मीटरवर घुटमळला तर तो टप्प्याबाहेर गेला. जेकचं तोंड लपणाकडे ठेवायचं, यातच सगळी मेख आहे. मोठा नर आव्हान द्यायला येतो तो नेहमी समोरासमोर, डोळ्याला डोळा भिडवायला. जेकचं तोंड आपल्याकडे असेल तर मोठा नर वळसा घालून जेक आणि लपण यांच्यामध्ये येतो आणि त्याची पाठ आपल्याकडे होते. अशा वेळी तो पिसारा पूर्ण उभारून असतो, आणि त्याच्याच शेपटीची अठरा पिसं त्याच्या डोळ्यांच्या आणि शिकाऱ्याच्या मध्ये येतात. चहूकडे पाहणाऱ्या पक्ष्याने स्वतःच पडदा ओढून घेतलेला असतो. तेव्हा खेचायचं. वारा असेल तर डिकॉयच्या शेपटीच्या दोन्ही बाजूंना काटक्या रोवाव्यात. गरगर फिरणाऱ्या टर्कीजवळ कुठलाच नर येत नाही. पिसारा फुलवलेल्या मोठ्या नराचा डिकॉय मात्र दोनदा विचार करून वापरावा. कमकुवत नर त्याला पाहून पळतात, आणि सार्वजनिक रानात दुसरा एखादा शिकारी त्यालाच गोळी घालू शकतो.

याच भीतीपोटी लाल, पांढरा आणि निळा हे रंग अंगावर घालत नाहीत, रुमालसुद्धा नाही. उत्तेजित नराचं डोकं नेमकं याच रंगांचं असतं: कपाळ पांढरं, तोंड निळं, गळ्याखालची लोंबती कातडी लालभडक. कातडीतल्या रक्तवाहिन्या फुगतात-आकसतात तसं आजूबाजूच्या कोलॅजन तंतूंमधलं अंतर बदलतं आणि परतणाऱ्या प्रकाशाचा रंगही. हे बदलते रंग आपल्याकडे चारशे वर्षांपूर्वी नोंदले गेले आहेत. १६१२ साली मुघल सरदार मुकर्रबखानाने गोव्याहून जहांगीरसाठी अपूर्व प्राणी-पक्षी आणले, त्यात टर्कीचा नर होता. उस्ताद मन्सूरने त्याचं चित्र काढलं, ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. बादशहाने लिहून ठेवलं की याचं डोकं कधी पोवळ्यासारखं लाल, कधी कापसासारखं पांढरं, कधी फिरोजी होतं, सरड्यासारखं. निरीक्षण पक्कं होतं.

नेम कुठे धरायचा? फुललेल्या नराच्या आकारात निम्मी तर पिसंच असतात. मधोमध नेम धरला तर बाण पिसांतून आरपार जातो आणि पक्षी चालू लागतो. पाठमोऱ्या, पिसारा उभारलेल्या नराच्या शेपटीच्या बुडाशी, गुदद्वाराच्या जागी. समोरून असेल तर छातीवरच्या ‘दाढी’च्या मुळाच्या किंचित वर; ही दाढी म्हणजे केसांसारखी दिसणारी राठ पिसंच. आडवा, पिसारा मिटलेला असेल तर पंख शरीराला जोडतो तो सांधा. बाण थोडा मागे, मांडीच्या हाडाला लागला तरी काम होतं, कारण टर्कीला उडण्यासाठी आधी पायांनी जोरात उसळी घ्यावी लागते. पात्यांचं टोक रुंद, ३८ ते ५० मिलिमीटर छेद करणारं घेतात. हरणामागे रक्ताचा माग काढत जाता येतं. टर्कीचं रक्त पिसंच पिऊन टाकतात आणि उडाली तर माग संपलाच. म्हणून बाण लागल्यावर पक्षी जिथे नजरेआड झाला ते झाड किंवा झुडूप पक्कं लक्षात ठेवायचं आणि तो चालत गेला असेल तर अर्धा तास जागचं हलायचं नाही. जखमी टर्की दाट झुडपांत शिरून दबून बसते; मागे धावलं तर आणखी लांब जाते. ती हाती न लागता मरणं हा धनुष्याच्या शिकारीवरचा सर्वांत खरा आक्षेप आहे, आणि अंतराची मर्यादा पाळण्याशिवाय त्याला उत्तर नाही.

भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली वाढलेल्या वाचकाला प्रश्न पडेल की विणीच्या हंगामात शिकार कशी चालते. वसंतात बहुतेक राज्यांत फक्त दाढीवाला पक्षी, म्हणजे जवळजवळ नेहमी नरच, मारता येतो. एक नर अनेक माद्यांशी जुगतो आणि अंडी-पिल्लांकडे फिरकत नाही, त्यामुळे काही नर गेले तरी पिल्लांची संख्या फारशी घटू नये, असा हिशेब. १९३०च्या दशकात अमेरिकाभर दोनेक लाख टर्की उरल्या होत्या. पिंजऱ्यात वाढवलेले पक्षी सोडून पाहिले, ते रानात टिकले नाहीत. १९५०च्या दशकात तोफेने उडवायच्या जाळ्यांनी रानपक्षी पकडून रिकाम्या रानांत सोडायला सुरुवात झाली आणि संख्या साठ-सत्तर लाखांच्या घरात गेली. या कामाचा मोठा पैसा शिकारीच्या सामानावरच्या करातून आला. बंदुका-काडतुसांवरचा आधीपासूनचा कर १९३७च्या कायद्याने वन्यजीवांसाठी राखला गेला आणि १९७२मध्ये धनुष्यबाणही त्यात आले. अलीकडे आग्नेय राज्यांत पिल्लं कमी झाल्यावर हिशेब पुन्हा तपासला जातोय. माद्या घरट्यावर बसण्याआधीच दांडगे नर मारले गेले तर वीण उशिरा होते का, हा वाद आहे, आणि जॉर्जियासारख्या राज्यांनी हंगाम पुढे ढकलला आहे.

पक्षी हातात आला की वय पायाच्या आरीवरून, म्हणजे पायामागच्या काट्यावरून कळतं. सव्वा सेंटिमीटरहून आखूड आणि बोथट असेल तर वर्षाचा जेक; अडीच सेंटिमीटरची, टोकदार, वर वळलेली असेल तर तीन वर्षांचा किंवा मोठा. पंखांची हाडं टाकून देत नाहीत. उकळून आतली मज्जा काढली, टोकं कापली आणि तीन हाडं एकात एक बसवून सांधे राळेने बंद केले की अमेरिकेतल्या मूलनिवासींपासून चालत आलेली एक शीळ तयार होते. ओठ मिटून तिच्यातून हवा आत ओढायची, फुंकायची नाही. मादीची साद येते.