रॉडमध्ये थोडं, धुरात भरपूर

साकीनाका-कुर्ल्याच्या गाळ्यांत वेल्डरला धुराबद्दल विचारलं, की बऱ्याचदा एकच उत्तर येतं: गूळ खातो ना, छाती साफ होते. गूळ जातो पोटात, धूर जातो फुप्फुसात. दोघांची गाठ पडणार कुठे? घसा ओला होतो, इतकंच. शिवाय मामला छातीपुरता नाही. लोखंडाच्या वेल्डिंगच्या धुरात मँगनीज असतं आणि ते मेंदूत साठतं.

मुळात ते घालतात कशाला? वितळलेल्या लोखंडातला ऑक्सिजन आणि गंधक मँगनीज बांधून ठेवतं. ते नसेल तर जोडात भोकं पडतात, नाहीतर जोड गरम असतानाच तडकतो. म्हणून ६०१३ जातीच्या नेहमीच्या वेल्डिंग रॉडच्या लेपात फेरोमँगनीज (लोखंड-मँगनीजचा मिश्रधातू) असतं आणि सीओटू वेल्डिंगच्या, म्हणजे रॉडऐवजी तार वापरून कार्बन डायऑक्साइड वायूच्या आवरणात होणाऱ्या वेल्डिंगच्या, नेहमीच्या तारेत सुमारे दीड टक्का मँगनीज. दीड टक्का म्हणजे किरकोळच की! पण खरी गंमत उकळण्यात आहे.

लोखंड उकळतं साधारण २८६० अंश सेल्सिअसला, मँगनीज २०६० च्या आसपासच. तारेच्या टोकाला लोंबणारा थेंब आर्कमध्ये, म्हणजे वेल्डिंगच्या विजेच्या ठिणगीत, दोन हजारांच्या पुढे सहज जातो. तिथे वाफ दोघांचीही होते, पण मँगनीज कितीतरी जोरात उडतं. दारूच्या भट्टीत हेच घडतं: जो घटक आधी उडतो, तोच वाफेत दाटतो. तारेतला दीड टक्का धुरात पाच-दहा टक्के होऊन बसतो तो असा. ही वाफ आर्कबाहेर आली की ऑक्सिजनशी संयोग पावून गोठते. कण एका मायक्रॉनहून, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून, लहान. आपला केस पन्नास-साठ मायक्रॉन जाड असतो. धुराचा मोठा वाटा या थेंबातून येतो, त्यामुळे पत्रा कितीही घासूनपुसून घेतला तरी हा धूर हटत नाही. आर्क लांब धरली किंवा काम उरकायला अँपिअर चढवले, की धूर वाढलाच. ३.१५ मिलिमीटरच्या ६०१३ रॉडला ९० ते १३० अँपिअर पुरतात, आणि आर्कची लांबी रॉडच्या जाडीएवढीच हवी.

चहा-भाकरीतूनही रोज काही मिलिग्रॅम मँगनीज पोटात जातं, शरीराला ते लागतंही. पण आतडं त्यातलं जेमतेम पाच टक्क्यांपर्यंत घेतं आणि जास्तीचं यकृत पित्तावाटे बाहेर टाकतं. श्वासातलं मात्र यकृताची ही चौकी चुकवून थेट रक्तात शिरतं आणि मेंदूतल्या ग्लोबस पॅलिडस या भागात जमतं. एमआरआयच्या टी-१ प्रकारच्या चित्रात तो भाग उजळ दिसतो. लोहाची ने-आण करणारी प्रथिनंच मँगनीजलाही वाहून नेतात, म्हणून अंगात लोह कमी असेल तर शोषण वाढतं.

सुरुवात चिडचिड, झोपमोड अशी फसवी. मग चेहरा निर्विकार होतो, चाल अडखळते, माणूस मागच्या मागे पडतो. पार्किन्सनसारखंच, पण पार्किन्सनवरच्या लेव्होडोपा या औषधाचा गुण सहसा येत नाही. ग्लासगोचे डॉक्टर कूपर यांनी मँगनीजच्या भुकटीत काम करणाऱ्या मजुरांत हे १८३७ सालीच नोंदवलं होतं. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पाइप जोडला की जस्ताच्या धुराने संध्याकाळी थंडी-ताप भरतो, त्याची धास्ती सगळ्यांना असते. मँगनीज अशी वर्दी देत नाही.

अमेरिकी औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये श्वसनयोग्य मँगनीजची मर्यादा घनमीटरला ०.०२ मिलिग्रॅम सुचवली. हिशोब करा: हवेत घनमीटरला अवघा एक मिलिग्रॅम धूर, त्यात आठ टक्के मँगनीज, म्हणजे ०.०८. चौपट!

पंखा समोरून लावला तर सीओटूचं आवरण उडतं आणि जोड सच्छिद्र होतो, म्हणून वेल्डर तो बंदच करतात. धूर ओढणारा पाइप हवा, पण तोही जवळ. पाइपच्या तोंडापासून त्याच्या व्यासाइतकं लांब गेलं, की ओढ दहा टक्क्यांवर येते. सहा इंची पाइप हातभर लांब टांगला तर तो फक्त आवाज करतो. डोकं धुराच्या लोटाबाहेर ठेवायचं, बाजूने वाकायचं. हातरुमालाने हे कण अडत नाहीत. आयएस ९४७३ हे भारतीय मानक छापलेला, बारीक कण गाळणारा एफएफपी२ मास्क घ्यावा, आणि दाढी वाढलेली असेल तर तोही कडेने गळतो.

दगड फोडणाऱ्या क्रशरच्या जबड्यांवर थर चढवायच्या मँगनीज-पोलादी रॉडला मात्र वरचा हिशोब लावू नये. त्यात मँगनीज दीड टक्का नसतं, बारा-चौदा टक्के असतं.