कॅन्सरच्या रुग्णांसाठी सरकारी मदत : ठाणे-नवी मुंबईत अर्ज कसा आणि कुठे करायचा

‘कॅन्सर आहे म्हटल्यावर अपंगत्वाचा दाखला मिळतोच,’ असं ओपीडीच्या रांगेत हमखास कानावर येतं. त्या भरवशावर बरेच जण आधीच थकलेल्या माणसाला घेऊन सरकारी रुग्णालयात जातात आणि रिकाम्या हाती परततात. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार दिले आहेत. त्यात कॅन्सर नाही. यादीत रक्ताचे विकार दिसतात, पण ते हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेल हे तीनच. ब्लड कॅन्सर त्यात बसत नाही.

मात्र निव्वळ कॅन्सरच्या निदानावर, अपंगत्वाच्या टक्केवारीशिवाय मिळणारी एक मदत महाराष्ट्रात आहे : संजय गांधी निराधार अनुदान योजना. क्षयरोग, पक्षाघात, कुष्ठरोग, एड्स यांच्यासोबत कर्करोगाचंही नाव तिच्या निकषांत आहे. वय ६५ च्या आत हवं, महाराष्ट्रात किमान १५ वर्षं वास्तव्य हवं, आणि कुटुंबाचं नाव दारिद्र्यरेषेच्या यादीत हवं किंवा वार्षिक उत्पन्न २१ हजार रुपयांपर्यंत हवं. महिन्याला १,५०० रुपये मिळतात. अर्ज तहसील कार्यालयात करायचा. वय ६५ च्या पुढे असेल तर तिथेच ज्येष्ठांसाठीच्या श्रावणबाळ योजनेचा अर्ज करायचा.

२१ हजार वर्षाला म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. ठाण्यात एवढ्यात खोलीचं भाडंसुद्धा भागत नाही. ही मर्यादा फार कमी आहे आणि ती वाढायलाच हवी, असं माझं ठाम मत आहे. तरीही कमावतं माणूसच आजारी पडलंय, काम सुटलंय, अशी घरं या निकषात येऊ शकतात. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचाच लागतो. त्यासाठी कुणी ‘आकडा बसवून देतो’ म्हणत पैसे मागितले तर देऊ नका. खोटा दाखला पुढे तुमच्याच अंगाशी येतो.

आता नवी मुंबईकरांची नेहमीची अडचण. ऐरोली, घणसोली, वाशी, नेरूळ, सीबीडी बेलापूर हा भाग ठाणे तालुक्यात, म्हणून अर्ज ठाणे तहसील कार्यालयात. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल हे पनवेल तालुक्यात, आणि जिल्हा रायगड. तिथल्या लोकांचं जिल्हा रुग्णालय अलिबागला. उपचार कुठे चालू आहेत याचा इथे संबंध नाही. खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये, म्हणजे टाटा मेमोरियलच्या कॅन्सर केंद्रात, केमो घेणाऱ्या वाशीच्या बाईचा अर्ज ठाण्यालाच जाणार.

कागदपत्रांत आधार, रेशन कार्ड, वयाचा आणि रहिवासाचा पुरावा, उत्पन्नाचा दाखला, बँक पासबुक आणि फोटो लागतात. पैसे थेट खात्यात येतात, म्हणून बँकेत जाऊन खातं आधारशी जोडलंय ना, हे आधी तपासा. सगळ्यात महत्त्वाचा कागद आजाराच्या दाखल्याचा. तो जिल्हा शल्यचिकित्सक किंवा सरकारी रुग्णालयाचे अधीक्षक देतात. खाजगी डॉक्टरच्या लेटरहेडवर भागत नाही. तो घ्यायला जाताना बायोप्सीचा रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड आणि सध्याच्या उपचारांचं पत्र मूळ प्रतींसह न्या. प्रत्येक कागदावरचं नाव आधारशी ताडून पाहा. बायोप्सीवर माहेरचं आडनाव आणि आधारवर सासरचं, एवढ्यावरूनही अर्ज अडकतो. रुग्णालयाच्या नोंदणी खिडकीवर नाव आधीच दुरुस्त करून घेतलेलं बरं. अर्ज मंजूर झाला तरी हयातीचा दाखला दरवर्षी द्यावा लागतो. तो राहिला की पैसे थांबतात.

कॅन्सरमुळे शरीराचं कायमचं नुकसान झालं असेल, तर मात्र दिव्यांग प्रमाणपत्राचा अर्ज जरूर करा. पाय काढावा लागला, डोळा गेला, स्तनाच्या ऑपरेशननंतर हात वर जात नाही, अशा वेळी डॉक्टर आजार नव्हे, उरलेली क्षमता मोजतात. स्वरयंत्र काढल्यामुळे आलेलं वाचादोषाचं अपंगत्व तर कायद्याच्या यादीत नाव घेऊन दिलेलं आहे. घशाच्या कॅन्सरचे कितीतरी रुग्ण हे माहीत नसल्याने अर्जच करत नाहीत, याचं फार वाईट वाटतं.

हा अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन या ऑनलाइन पोर्टलवर करायचा. आधार, फोटो, सही किंवा अंगठा आणि वैद्यकीय कागद अपलोड करून रुग्णालय निवडायचं, मग तपासणीला जायचं. प्रकार निवडताना आजार नाही, झालेलं नुकसान पाहा : स्वरयंत्र काढलं असेल तर वाचादोष, पाय काढला असेल तर अस्थिव्यंग. उपचार चालू असताना ठरावीक मुदतीचं प्रमाणपत्रही मिळू शकतं. केमोनंतर रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी असतील तर गर्दीत जायची घाई करू नका, डॉक्टरांना विचारून दिवस ठरवा. टक्केवारी ४० किंवा जास्त आली, तर संजय गांधी योजनेत दिव्यांग म्हणून अर्ज करा. तिथे उत्पन्नाची मर्यादा ५० हजार आहे आणि ऑक्टोबर २०२५ पासून रक्कम महिना २,५०० रुपये झाली आहे. टक्केवारी पटली नाही तर कायद्याच्या कलम ५९ नुसार अपील करता येतं.

रेल्वे सवलतीला यातलं काहीच लागत नाही. उपचारांसाठी बाहेरगावी जायचं असेल तर रुग्णालयाकडून सवलतीचा फॉर्म भरून घ्या. स्लीपर आणि थ्री एसीत रुग्णाचं भाडं पूर्ण माफ असतं, सोबतच्या एकाला ७५ टक्के सवलत मिळते. लोकलच्या दिव्यांगांच्या डब्यातही कॅन्सर रुग्णांना बसता येतं. कुणी हटकलं तर दाखवायला केसपेपर हाताशी ठेवा.